आवाज बंद झाला की पैसे

उधारी मागायला गेलेल्या माणसाला लोक पाणी विचारतात, चहा विचारतात, घरचे सगळे बरे ना विचारतात. का आलात, एवढं मात्र कुणी विचारत नाही. त्यामुळे शेवटी मागणाऱ्यालाच लाज वाटायला लागते आणि तो ‘सहज इकडून चाललो होतो’ असं काहीतरी पुटपुटतो, चहा पितो, वर ‘छान झालाय’ म्हणून परत येतो. थंडोबाच्या आयुष्यातल्या बऱ्याचशा दुपारी अशा छान झालेल्या चहात गेल्या होत्या.

थंडोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. धंदा फ्रीजदुरुस्तीचा आणि स्वभाव असा, की कुणी शिवी दिली तरी ती याच्यापर्यंत पोचेस्तोवर देणारा घरी जाऊन जेवायला बसलेला असायचा. लोकांनी दोन्ही गोष्टी एका नावात बसवल्या. बायकोसुद्धा रागावली की ‘अहो’ सोडून हेच नाव वापरायची, आणि अलीकडे ‘अहो’ फारसं ऐकू येत नव्हतं.

कारण गाळ्याचं भाडं थकलं होतं. गाळामालक मोठा सभ्य गृहस्थ. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन यायचा, पिशवीतून एक नवंकोरं कुलूप काढून थंडोबाच्या टेबलावर ठेवायचा. मग दोघंही थोडा वेळ त्या कुलपाकडे बघायचे. मग मालक ते उचलून पिशवीत टाकायचा आणि ‘बराय’ म्हणून निघून जायचा. महिना संपला की कुलूप पिशवीत परत जाणार नाही, असं त्यानं एकदाच आणि फार गोड शब्दांत सांगितलं होतं.

आणि भाडं थकण्याचं कारण समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होतं.

त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. एकट्याच राहायच्या. त्यांचा फ्रीज जुना, खांदे गोलसर असलेला, एका दाराचा. त्याचा कॉम्प्रेसर गेला होता. कॉम्प्रेसर म्हणजे तळाशी मागच्या बाजूला काळ्या मडक्यासारखा पंप असतो तो; फ्रीजचं काळीजच म्हणा. थंडोबानं पदरचे पैसे घालून नवा बसवला, गॅस भरला, फ्रीज गारेगार केला आणि बिल पुढे ठेवलं. बाईंनी बिल नीट वाचलं, घडी केली आणि म्हणाल्या, “आवाज येतो.”

“येणारच बाई. चालू आहे म्हटल्यावर येणार.”

“काम पूर्ण झालेलं नाही. आवाज बंद झाला की पैसे.”

“अहो, पण गार होतंय ना? दूध बघा, पाणी बघा.”

“बरोबर आहे. पण अपूर्ण उत्तराला मी गुण देत नाही. सबंध नोकरीत कुणाला अर्धे गुण दिले नाहीत.” आणि मग, इतर सगळ्यांसारखंच, “चहा घेता ना?”

थंडोबानं चहा घेतला. पुढच्या आठवड्यात गेला, तेव्हाही घेतला. फ्रीजच्या पायाखाली रबर घातलं, नळ्या इकडच्या तिकडे वाकवल्या, मागची जाळी घट्ट केली. दर वेळी बाई खुर्ची ओढून फ्रीजसमोर बसायच्या, डोळे मिटायच्या, बराच वेळ ऐकायच्या आणि म्हणायच्या, “येतो.”

“त्यांना सांगा, फ्रीज गातो म्हणून,” बायको म्हणाली. “गाण्याचे लोक पैसे देतात.”

“तू गप्प बस गं.”

“मी बसते गप्प. उद्या कुलूप लागलं की तुम्हीही बसा. दोघं शांत बसू. बाईंना आवडेल.”

सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. त्यातला पक्का सल्ला दिला तो शेजारच्या गाळ्यातल्या न्हाव्यानं. या माणसाची धंद्यात एका पैशाची उधारी नव्हती. त्याचं शास्त्र साधं होतं: शंका येईल असं गिऱ्हाईक आलं, की अर्धं डोकं करायचं आणि कात्री खाली ठेवून हात पुढे करायचा.

“तुमचं चुकतं कुठं सांगू का?” गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून तो म्हणाला. वस्तरा हातात असला की त्याचं म्हणणं लोक सहसा पुरं ऐकून घेत. “तुम्ही आख्खं डोकं करून मग पैसे मागता. काढून आणा काहीतरी. फ्रीज बंद पडू दे. दूध नासलं की येतील जिना उतरून.”

वस्तऱ्याखालचं गिऱ्हाईकही, मान न हलवता, हे बरोबर आहे असं म्हणालं.

थंडोबाला हे पटायला, त्याच्या स्वभावाप्रमाणे, काही दिवस गेले. मग एका दुपारी तो वर गेला, ‘जरा साफ करून देतो’ म्हणाला आणि कॉम्प्रेसरच्या कुशीत बसलेला रिले काढून खिशात टाकला. रिले म्हणजे एवढीशी डबी, पण ती नसली की कॉम्प्रेसर हलत नाही. जिना उतरताना तो चोरासारखा मागं वळून बघत होता. आपलीच वस्तू चोरायची वेळ यावी, याचं त्याला वाईटही वाटत होतं, आणि जरा मजाही.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दूध नासायला लागतं किती? थंडोबा गाळ्यात बसून समोरच्या चौथ्या मजल्याकडे बघत राहायचा, आणि सकाळी मालक आला की टेबलावर बसून कुलूप त्याच्याकडे बघत राहायचं. शेवटी न राहवून तोच गेला.

“बरं झालं आलात,” बाई म्हणाल्या. “थोडा फरक पडलाय. पण येतो.”

थंडोबानं फ्रीज उघडला. गार हवेचा लोट पायावर आला. दूध होतं, लिंबं होती, वरच्या खणात बर्फ धरला होता. त्यानं मागं हात घातला. रिलेची जागा मोकळी. कॉम्प्रेसरवर तळवा ठेवला. तो निपचित पडला होता, भिंतीइतका थंड. रिले थंडोबाच्या शर्टाच्या खिशात होता. त्यानं खिसा चाचपून पाहिला. होताच.

“ऐका,” बाई म्हणाल्या.

त्यानं ऐकलं. कॉम्प्रेसरची ती ओळखीची घरघर नव्हती. फार बारीक, मिटल्या तोंडानं, शेजारच्या खोलीत कुणी एखादी चाल आठवून बघत असावं, तसं काहीतरी होतं. बाईंना शेजारची खोली नव्हती. तिकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे चार मजले खोल हवा.

“येतो,” थंडोबाच्या तोंडून निघून गेलं.

“तेच तर म्हणते मी.”

आता इथं दुसरा कुणी असता तर हात जोडून बाहेर पडला असता. पण कारागिराचा मान हा एक विचित्र अवयव आहे. भीती वाटायच्या आधी तो दुखतो. आपण काढलेल्या रिलेवाचून फ्रीज चालतो, याचा थंडोबाला आधी अपमान वाटला. जुन्या कामाचा दर्जाच वेगळा, मुरलेला गारवा असेल, असं त्यानं घरी बायकोला समजावलं.

बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे बसवलं तरी चालतं आणि काढलं तरी चालतं. मग इतकी वर्षं लोक तुम्हाला पैसे कशाचे देतात?”

“देत नाहीतच ना,” थंडोबा म्हणाला.

पुढच्या खेपेला तो कटर घेऊनच गेला. “बाई, आवाज याच्यात आहे. काढून नेतो.” बाई म्हणाल्या, न्या. त्यानं नळ्या कापल्या. गॅस लांब सुस्कारा टाकावा तसा निघून गेला. कॉम्प्रेसर सोडवला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि बाळंतिणीच्या खोलीतून दाई बाहेर पडते तसा छातीशी धरून खाली आला.

फाटकावर वॉचमननं अडवलं. इमारतीचा नियम होता: वस्तू बाहेर न्यायची तर चिठ्ठी हवी.

“काय आहे हे?”

“फ्रीजचा कॉम्प्रेसर. चौथ्या मजल्यावरचा.”

“चालू का बंद?”

“बंद. काढलाय म्हटल्यावर बंदच.”

“मग वरचा फ्रीज बंद पडला असेल.”

थंडोबा जन्मात खोटं बोलायला शिकला नव्हता, आणि शिकायला ही वेळ चुकीची होती. निघताना त्यानं फ्रीज उघडून पाहिला होता. “नाही,” तो म्हणाला. “तो चालू आहे.”

वॉचमननं त्याच्याकडे बघितलं, टॉवेलाकडे बघितलं आणि सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरी हे नियमात राहून म्हातारे झालेले गृहस्थ. ते स्वतः चौथ्या मजल्यावर गेले. परत आले तेव्हा हात खिशात खुपसलेले होते आणि ओठ जरा निळसर दिसत होते.

“फ्रीज चालू आहे,” ते म्हणाले. “मी हात घालून बघितला. ज्याअर्थी चालू आहे, त्याअर्थी त्यातून काहीही काढलेलं नाही. ज्याअर्थी काढलेलं नाही, त्याअर्थी तुमच्या हातात आहे ती वस्तू या इमारतीतली नाही. तिला चिठ्ठी लागत नाही. जा.” आणि थोडं थांबून, हळूच, “वर दुसरं कुणी राहतं का हो बाईंकडे?”

“नाही.”

“मलाही तसंच वाटत होतं,” सेक्रेटरी म्हणाले आणि आपल्या घराकडे जरा जास्तच भरभर गेले.

थंडोबानं आणखी एकदा वर जायला नको होतं, हे कुणीही सांगेल. पण महिना संपत आला होता. मालक हल्ली कुलपाबरोबर किल्लीही आणायला लागला होता आणि दोन्ही चालतात का ते टेबलावर करून बघायचा. काढून आणलेला नवा कॉम्प्रेसर विकता आला असता, पण आतल्या वापरलेल्या तेलाचा वास आला की पार्टवाले नाक मुरडायचे: “वापरलेला माल आम्ही घेत नाही.” वापरलेला म्हणावा, तर ज्यानं वापरला तो त्याच्यावाचूनही सुखात होता. एकूण, सरळ वाट एकच उरली होती. आवाज बंद करायचा.

तो गेला तेव्हा बाई खुर्ची ओढून बसल्याच होत्या. फ्रीजची वायर त्यानं स्वतःच्या हातानं प्लगमधून काढली. दार उघडून पाहिलं, तर आत दिवा लागलेलाच होता. त्यानं दार लावलं आणि दोघं ऐकत राहिले. आता ती चाल नव्हती. कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घ्यावा, तसा आवाज येत होता. श्वास घेतला जायचा, आणि बोलणं यायचं नाही. मग पुन्हा. दार उघडलं की एकदम चिडीचूप. मुख्याध्यापिका वर्गात शिरल्यावर होतं तसं.

“वर्गात मला असं चालायचं नाही,” बाई म्हणाल्या. “बोलायचं असेल तर उभं राहून बोलावं.”

त्यांनी हे थंडोबाला सांगितलं नव्हतं. त्या फ्रीजकडे बघत होत्या.

थंडोबा फ्रीजपासून एक पाऊल मागं सरकला. पण तोंडातून आलं ते असं: “बाई, हा डबाच नेतो मी. आख्खा. मग आवाज जाईल?”

बाईंनी विचार केला. “जावा.”

“मग पैसे?”

“आवाज बंद झाला की पैसे. शब्द म्हणजे शब्द.”

“आणि तुमचं दूधबिध?”

“दुधाचं मी बघते. ते जागेवर राहील.”

म्हाताऱ्या माणसाचा ताठा, असं थंडोबानं मनाशी म्हटलं. दोन हमाल लावून त्यानं फ्रीज खाली आणला. हमाल म्हणाले, आत माणूस बसलाय की काय, इतका जड कसा. थंडोबा म्हणाला, जुना माल आहे. फाटकाशी वॉचमन चिठ्ठी मागायला पुढे आला, फ्रीजच्या जवळ आला, एक कान किंचित तिकडे वळवला आणि त्यानं फाटक पूर्ण उघडून धरलं.

गाळ्यात फ्रीज न्हाव्याच्या भिंतीला लागून उभा राहिला. थंडोबानं तो आतून कोरडा पुसला. खण काढून धुतले, वरचा बर्फाचा कप्पा फडक्यानं कोपऱ्यापर्यंत साफ केला. आत काही नव्हतं. गारवाही नव्हता. पत्र्याचं एक कपाट, दुसरं काही नाही. म्हणजे तिकडे बाईंचं दूध नासणार, आणि आता खरंच जिना उतरून यावं लागणार. बऱ्याच दिवसांनी थंडोबाला बरं वाटलं.

थोड्या वेळानं न्हावी आला. हातातला वस्तरा मिटलेला होता, हे नवीन होतं.

“चालू ठेवलाय का?”

“कशाला चालू ठेवू? त्यात काहीच नाही.”

“मग भिंतीतून कोण दम घेतंय? माझं गिऱ्हाईक उठून गेलं हो. अर्धं डोकं तसंच घेऊन. पैसे न देता.” त्याचा चेहरा पडला होता. सबंध हयातीतली ती त्याची पहिली उधारी.

थंडोबा उठून फ्रीजजवळ गेला. श्वास घेतला जात होता. पण चौथ्या मजल्यावर होता त्यापेक्षा आता मोठा, मोकळा. परक्या ठिकाणी आल्यावर माणूस घेतो तसा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मालकानं कुलूप टेबलावर ठेवलं आणि ते परत उचललं नाही. समोरच्या स्टुलावर बसला, पिशवीची घडी करून मांडीवर ठेवली. “संध्याकाळपर्यंत आहे मी,” गोड आवाजात म्हणाला. आणि तेवढ्यात बाईंचा फोन आला. “आवाज बंद झाला,” बाई म्हणाल्या. “या. पैसे घेऊन जा.”

थंडोबा धावत गेला. धावणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर त्याला बसावं लागलं.

स्वयंपाकघर लख्ख होतं. कोपऱ्यात फ्रीजच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग, आणि मागं भिंतीवर रंगाचा फिकट चौकोन. बाकी काही नाही. किती शांत होतं. खरंच शांत होतं. बाई प्रसन्न दिसत होत्या.

“बसा. पाणी?”

थंडोबा खुर्चीवर टेकला आणि कपाळावरचा घाम पुसायला लागला. बाई कोपऱ्याकडे वळल्या, आणि परत वळल्या तेव्हा त्यांच्या हातात बाटली होती. बाटलीवरून थेंब ओघळत होते. तो पाणी प्यायला. दात शिवशिवले. शेजाऱ्यांकडे ठेवत असतील, त्यानं ठरवून टाकलं. माणसाला काय वाट्टेल ते ठरवता येतं.

“ज्याचं त्याला वेळेवर द्यावं, असं माझं मत आहे,” बाई म्हणाल्या. “तुमचे पैसे मी पहिल्या दिवशीच काढून ठेवले होते. फक्त काम पूर्ण व्हायची वाट बघत होते.”

त्या पुन्हा कोपऱ्यात गेल्या. खांद्याच्या उंचीवर त्यांनी हात पुढे केला. हात कोपरापर्यंत आत गेला. आत म्हणजे कुठे, ते थंडोबाला सांगता आलं नसतं. तिथं भिंतीचा फिकट चौकोन होता आणि त्याच्याअलीकडे नुसती हवा. हात परत आला तेव्हा त्यात एक पाकीट होतं आणि पाकिटावर बर्फाचा पांढरा, खरखरीत थर होता. त्यांनी ते ओट्यावर हलकेच आपटलं. बर्फाचे तुकडे उडाले.

“मोजून घ्या.”

नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. थंडोबानं फुंकर मारून मारून सोडवल्या. सगळ्या होत्या. त्याची बोटं बधिर झाली होती, पण मोजताना चूक झाली नाही. उधारीचे पैसे मोजताना कुणाची होत नाही.

“येतो मी,” तो म्हणाला. त्याला फार लवकर निघायचं होतं.

“तेवढं जाता जाता दार लावा. गारवा जातो.”

त्यानं घराच्या दाराकडे पाहिलं. ते बंदच होतं. बाई त्याच्याकडे शांतपणे बघत होत्या, विद्यार्थ्याला उत्तर येतंय हे माहीत असलेल्या शिक्षिकेसारख्या. नाही म्हणता आलं असतं. पण खाली टेबलावर कुलूप होतं, स्टुलावर मालक होता, आणि पैसे देऊन चुकलेल्या गिऱ्हाइकाचं एवढंसं काम कोण टाकतं?

थंडोबा कोपऱ्याजवळ गेला. पायाला गार वारा लागला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचा हात, त्याला न विचारता, हँडल असायचं तिथं गेला आणि त्यानं ढकललं. चारी बाजूंचं रबर एकसारखं, व्यवस्थित बसल्याचा मऊ धप्प आवाज झाला. आणि बाईंच्या पावलांवर पडलेला पिवळसर उजेड, जो असल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं, तो विझला.

तो जिना कसा उतरला ते त्याला आठवत नव्हतं. खिशात नोटा वितळायला लागल्या होत्या. शर्ट छातीला चिकटला होता. गाळ्यात मालक स्टूल फ्रीजपासून जितकं लांब नेता येईल तितकं नेऊन, पार उंबऱ्यात बसला होता. थंडोबानं ओल्या नोटा कुलपाशेजारी ठेवल्या.

मालकानं त्या दोन बोटांनी उचलल्या. “ओल्या आहेत.”

“वाळतील.”

मालक सभ्य असला तरी मालकच. त्यानं एकेक नोट उजेडाकडे धरली, तिरपी करून पाहिली, नखानं घासून पाहिली. थंडोबा जागच्या जागी उभा राहून ते बघत होता. सबंध रस्ताभर त्याला ‘हे खरं आहे का’ एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं, आणि कुणाला विचारावं ते कळत नव्हतं.

“खऱ्या आहेत,” मालक म्हणाला आणि कुलूप पिशवीत टाकलं.

थंडोबा मटकन खाली बसला. मालकाला वाटलं, भाडं फिटल्याच्या आनंदानं.